दुरुस्त केलेल्या सुराला गुण कोणाचे?

गेल्या वर्षी श्रावणात पेण आणि रोहा तालुक्यांतील काही शाळांनी मिळून एक गायन स्पर्धा घेतली. परीक्षक म्हणून आम्हा तिघांना बोलावले होते. आमच्यापैकी दोघे विज्ञान शिकवतात, एक जण संगीत. पहिल्या फेरीसाठी मुलांनी घरी मोबाईलवर गाणे मुद्रित करून पाठवायचे आणि त्यातून निवडलेल्यांनी पेणला येऊन सर्वांसमोर गायचे, अशी योजना होती. पावसाळ्यात रोह्याकडच्या मुलांना दोनदा गाडीने यावे लागू नये, एवढाच त्यामागे हेतू.

पहिल्या फेरीत रोह्याजवळच्या एका गावातील आठवीच्या मुलीला आम्ही तिघांनीही सर्वांत जास्त गुण दिले. शेऱ्याच्या रकान्यात आम्ही लिहिले होते, 'सूर अतिशय स्वच्छ, कोठेही ढळत नाही.' पेणला मात्र ती दुसऱ्याच ओळीला ढळली. अंतऱ्यात श्वास पुरला नाही, पंचम थरथरला. गाणे कसेबसे संपवून ती खाली उतरली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. नंतर बोलावून विचारले तेव्हा म्हणाली, "सर, मोबाईलमध्ये नीट आलं होतं."

मोबाईल तिच्या भावाचा. त्यात गाणे मुद्रित करण्याची जी सोय होती तिच्यात आवाज सुधारण्याचे एक बटण होते आणि ते आधीपासूनच चालू होते. मुलीला त्याची कल्पना नव्हती, भावालाही नव्हती. फसवणूक कोणी केलीच नव्हती. तरीही आम्ही गुण दिले होते ते एका बटणाला. चूक मुलीची नव्हे, आमची होती. मुद्रण कसे करायचे याचा एकही नियम आम्ही कळवला नव्हता.

निघताना तिने एक प्रश्न विचारला. "टीव्हीवर पण असंच करतात का हो?" हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

घरी पोहोचणारा आवाज

दूरचित्रवाणीवरील गायन स्पर्धा आपल्याकडे रुजल्या त्याला आता तीन दशके झाली. झी टीव्हीवर १९९५ साली सोनू निगम यांच्या निवेदनाने 'सा रे ग म' सुरू झाले. २००४-०५ मध्ये 'इंडियन आयडॉल'चे पहिले पर्व आले. त्यात एसएमएस पाठवून मत देता येत असे आणि मुंबईचा अभिजीत सावंत विजेता ठरला. झी मराठीवरील 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स'चे २००८-०९ चे पर्व तर रायगड जिल्ह्यात घरोघर पाहिले गेले, कारण अंतिम फेरीतील पाच मुलांमध्ये अलिबागची मुग्धा वैशंपायन होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड त्या पर्वाची विजेती ठरली. शहरातली नव्हे तर आपल्यासारख्याच गावातली मुले तिथपर्यंत जाऊ शकतात, ही गोष्ट त्या पर्वाने हजारो पालकांना दाखवली. या कार्यक्रमांचे हे ऋण मान्य करूनच पुढचे लिहीत आहोत.

अशा कार्यक्रमांत एक गोष्ट प्रेक्षकाच्या सहसा लक्षात येत नाही. परीक्षकांच्या कानी पडणारा आवाज आणि आपल्या घरी पोहोचणारा आवाज हे दोन वेगळे आवाज असू शकतात. बहुतेक भाग आधी चित्रित होतात आणि काही दिवसांनी दाखवले जातात. मधल्या काळात चित्राची काटछाट होते तशी आवाजावरही प्रक्रिया होते. गायकाचा माईक, वाद्यांचे माईक, टाळ्यांचे माईक असे वेगवेगळे पट्टे असतात आणि ते जुळवावेच लागतात. ही जुळवणी कोठपर्यंत करायची, हा खरा प्रश्न.

ब्रिटनमध्ये २०१० साली हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. 'द एक्स फॅक्टर' या स्पर्धेच्या नव्या पर्वाचा पहिला भाग त्या वर्षी ऑगस्टमध्ये दाखवला गेला. चाचणी फेरीतील काही आवाज यंत्राने सुधारलेले आहेत, हे प्रेक्षकांनी कानांनी ओळखले आणि तक्रारी केल्या. चित्रीकरणानंतर आवाजावर काम केले जाते आणि परीक्षकांचा निर्णय मात्र मूळ गाणे ऐकूनच झालेला असतो, असा खुलासा कार्यक्रमातर्फे आला. तेवढ्याने लोकांचे समाधान झाले नाही. शेवटी निर्माते सायमन कॉवेल यांनी ही दुरुस्ती बंद करायला सांगितली.

हा खुलासा नीट वाचण्यासारखा आहे. परीक्षकांनी खरे गाणे ऐकले, हे मान्य करू. पण पुढे ज्या स्पर्धांत प्रेक्षक मत देतात, तेथे प्रेक्षकही परीक्षकच असतो. त्याच्या हाती दुरुस्त केलेली उत्तरपत्रिका द्यायची आणि गुण मात्र प्रामाणिकपणे द्या म्हणायचे, याला काय अर्थ? मराठी किंवा हिंदी वाहिनीवरच्या एखाद्या स्पर्धकावर आम्ही येथे आरोप करत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, कोणत्या आवाजावर काय केले याची एक ओळही पडद्यावर येत नाही. त्यामुळे निर्मळपणे गाणारे मूलही संशयाच्या छायेत येते. न सांगण्याचा सर्वांत मोठा तोटा त्यालाच होतो.

तेलाच्या शोधातून सुराकडे

आता हे यंत्र काय करते ते पाहू. ते समजल्याशिवाय त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

सूर दुरुस्त करणारी सर्वांत प्रसिद्ध आज्ञावली म्हणजे 'ऑटो-ट्यून'. ती १९९७ साली अमेरिकेतील अँडी हिल्डेब्रँड यांनी बाजारात आणली. हे गृहस्थ मूळचे भूभौतिकीतले. जमिनीत ध्वनितरंग सोडायचे, निरनिराळ्या थरांवरून परत आलेले तरंग मुद्रित करायचे आणि त्यांच्या गणितावरून तेल कोठे असेल याचा अंदाज बांधायचा, हे त्यांचे काम होते. त्याच गणिताचा एक भाग त्यांनी गळ्यातून निघणाऱ्या तरंगांना लावला. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' या गाण्यात हे यंत्र मुद्दाम अतिरेकी पद्धतीने वापरले गेले. आवाज पायऱ्यांवरून उड्या मारत गेल्यासारखा ऐकू येतो तो त्यामुळेच. २००१ साली जर्मनीतून 'मेलोडाइन' ही दुसरी आज्ञावली आली. तिच्यात प्रत्येक स्वर पडद्यावर ठिपक्यासारखा दिसतो आणि तो वर-खाली सरकवता येतो.

काम चालते ते असे. पहिली पायरी, आवाजाचे आकडे करणे. सीडीच्या पद्धतीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा तरंगाची उंची मोजून लिहिली जाते. दुसरी पायरी, कंप्रता ओळखणे. समजा मुलीने षड्ज लावला आणि त्याची कंप्रता २४० हर्ट्झ आहे. म्हणजे तरंगाची तीच आकृती सेकंदात २४० वेळा येते. ४४,१०० ला २४० ने भागले की सुमारे १८४ येतात. आकड्यांची ही रांग स्वतःवरच ठेवून एक-एक घर सरकवत गेले, तर १८४ घरे सरकल्यावर ती पुन्हा स्वतःशी जवळजवळ तंतोतंत जुळते. यंत्र हेच करते. रांग सरकवून पाहते आणि कोठे जुळली ते टिपते. जुळण्याचे अंतर कळले की कंप्रता कळली.

तिसरी पायरी तुलनेची. यंत्राला स्वरांची एक सारणी दिलेली असते. ऐकलेली कंप्रता त्या सारणीतल्या कोणत्या स्वराच्या सर्वांत जवळ आहे, ते पाहिले जाते. चौथी पायरी दुरुस्तीची. मुलीने २९४ हर्ट्झवर गायले आणि सारणीत ३०२ आहे, तर प्रत्येक आवर्तन किंचित आखूड करायचे आणि सेकंदाची लांबी कायम राहावी म्हणून आठ आवर्तने जास्तीची घालायची. हे करताना गळ्याचा आणि तोंडाच्या पोकळीचा जो खास रंग आवाजाला मिळालेला असतो तो शक्यतो तसाच ठेवला जातो. म्हणून आवाज त्याच मुलीचा वाटतो. गायलेला स्वर मात्र तिचा राहत नाही.

ही दुरुस्ती किती वेगाने करायची, हेही ठरवता येते. क्षणात केली की यंत्रमानव गातो आहे असे वाटते. थोडी सावकाश केली की कोणाला पत्ता लागत नाही. काही प्रकारची यंत्रे हे काम गाणे चालू असतानाच करतात. म्हणून 'थेट प्रक्षेपण' एवढ्या शब्दांनीही शंका फिटत नाही.

बरोबर स्वर कोणता?

येथे विज्ञानाच्या शिक्षकाने एक प्रश्न विचारायलाच हवा. सारणीतला स्वर बरोबर आणि मुलीचा चूक, हे कोणी ठरवले?

षड्ज २४० हर्ट्झ धरू. आपल्या संगीतात शुद्ध गंधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो असे मानतात. म्हणजे तो ३०० हर्ट्झ. पियानो, बाजारातला नेहमीचा कीबोर्ड आणि त्याप्रमाणे लावलेली पेटी यांत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. या समविभागी पद्धतीने गंधार येतो ३०२.४ हर्ट्झ. फरक जेमतेम अडीच हर्ट्झचा. संगीतशास्त्रात सप्तकाचे १२०० समान भाग करतात आणि अशा एका भागाला सेंट म्हणतात. त्या मापाने हा फरक सुमारे १४ सेंट भरतो.

एवढासा फरक कानाला कळतो का? तंबोरा चालू असेल तर कळतो. जोडीच्या तारा २४० वर लावल्या असतील तर त्यांच्यातून २४० च्या पटीतल्या कंप्रताही निघतात. ४८०, ७२०, ९६० आणि पाचवी १२००. ही १२०० म्हणजेच ३०० ची चौपट. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो असे गवई सांगतात, त्यामागे हे साधे गणित आहे. आता गायिकेचा गंधार ३०० असेल तर त्याची चौथी पट १२०० वर येऊन तंबोऱ्यात मिसळून जाते. तो ३०२.४ असेल तर तीच पट १२०९.६ वर येते आणि दोन्हींच्या मध्ये सेकंदाला साडेनऊच्या आसपास ठोके पडतात. हीच ती किंचित खरखर. म्हणजे तंबोऱ्याशी अगदी जुळवून गाणाऱ्या मुलीला समविभागी सारणी भरलेले यंत्र 'उतरली' समजेल आणि दुरुस्तीच्या नावाखाली बेसूर करील.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचा आपला इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला, तो गायकांच्या स्वरांची मोजमापे समोर ठेवून. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. पेटीचे स्वर जागचे हलत नाहीत, तिच्यात मींड निघत नाही, हे त्यामागचे मुख्य आक्षेप. ती बंदी अतिरेकी होती असे आमचे मत आहे, कारण पेटी गायकाच्या शेजारी बसते आणि गायक तिच्याहून वेगळा स्वर लावू शकतो. सूर दुरुस्त करणारे यंत्र ही मोकळीक गायकाकडे ठेवत नाही. दरबारी कानड्यातला कोमल गंधार झुलतो, तो एका जागी थांबत नाही आणि त्या झुलण्यातच राग आहे. सर्वांत जवळचा स्वर शोधणाऱ्या यंत्राला ते झुलणे म्हणजे चुकांची मालिका वाटते.

यंत्राच्या बाजूनेही सांगायला हवे. आज्ञावलीत वेगळी सारणी भरता येते. मींड आणि कंप वगळून दुरुस्ती करता येते. जाणकार माणूस हे यंत्र फार बेताने वापरतो. चित्रपटगीताच्या मुद्रणात उत्कट भावाने गायलेली ओळ एका स्वरासाठी टाकून देण्यापेक्षा तो स्वर सावरून घेणे शहाणपणाचेही असते. यंत्राला मोजता येते ते फक्त सारणीपासूनचे अंतर. त्या अंतरालाच सूर म्हणायचे की नाही, हे माणसाने ठरवायचे असते.

साचा आणि हातकाम

मग बंदी कशावर असावी? माईकही कृत्रिमच आहे. आवाज मोठा करणे, घुमारा देणे, खोलीतील गुंजन कमी करणे, हेही बदलच आहेत. 'नैसर्गिक' आणि 'कृत्रिम' अशी रेघ मारू लागलो तर ती कोठेच ठरत नाही.

पेणच्या माणसाला याचे उत्तर सोपे आहे. पेण आणि हमरापूर-जोहे परिसरात गणपतीचे कारखाने आहेत. तेथे हजारो मूर्ती साच्यातून काढल्या जातात. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण मूर्ती साच्यातली आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असते. कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा मान वेगळा, हेही सर्वांना ठाऊक असते. पण उद्या शाळेत शाडूच्या हातकामाची स्पर्धा ठेवली आणि एखाद्याने साच्यातून काढलेला गणपती आणून ठेवला तर? मूर्ती कदाचित सर्वांत सुबक असेल. तरीही तिला बक्षीस देता येणार नाही. त्या स्पर्धेत मूर्तीइतकाच हातही तपासायचा असतो.

यावरून एक साधा नियम निघतो. ज्या गुणाची परीक्षा आहे, तो गुण परीक्षेपूर्वी बदलायचा नाही. गायन स्पर्धेत आवाजाचा मोठेपणा तपासायचा नसतो, म्हणून माईक चालतो. सभागृहाचे गुंजन तपासायचे नसते, म्हणून घुमारा चालतो. सूर मात्र तपासायचा असतो, म्हणून सुराची दुरुस्ती चालत नाही. हेच यंत्र चित्रपटाच्या मुद्रणात निर्दोष असते आणि स्पर्धेत दोषी ठरते.

दुसरा नियम सांगण्याचा. पार्श्वगायनात पडद्यावरचे ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा असतो. आपण ते आनंदाने स्वीकारले आहे, कारण आता गायकाचे नाव छापले जाते. पण तेही लढून मिळवावे लागले. 'महल' (१९४९) चित्रपटाच्या मूळ तबकडीवर लता मंगेशकर यांच्या जागी 'कामिनी' हे चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते. लोकांना गळ्याचे खरे नाव कळल्याने गाण्याची गोडी कमी झाली नाही. मग स्पर्धेच्या भागाखाली 'या भागात सुरांची दुरुस्ती केलेली नाही' किंवा 'केलेली आहे' एवढी ओळ देण्याने वाहिनीचे काय बिघडणार आहे?

कान कशाने घडतो

या कार्यक्रमांवरचा आमचा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. ते स्पर्धा म्हणून दाखवले जातात, पण मुले त्यांच्याकडे धडा म्हणून पाहतात. ज्या गावात संगीताचा शिक्षक नाही, तेथे टीव्हीवरचा आवाज हाच नमुना ठरतो. त्या आवाजात श्वास ऐकू येत नसेल, स्वर लावताना होणारा क्षणभराचा शोध ऐकू येत नसेल, तर मूल आपल्या गळ्यातल्या या गोष्टींना दोष समजू लागते. माणसाचा गळा स्वरावर एकदम उतरत नाही. तो जवळ येतो, कानाने तपासतो, सावरतो. शिकणे म्हणजे हे सावरणे हळूहळू सूक्ष्म होत जाणे. ही सारी प्रक्रिया पुसून टाकून केवळ निकाल दाखवला, तर पाहणाऱ्याला वाटते की काही मुले अशीच जन्मतात आणि आपण त्यांतले नाही. गणिताच्या पुस्तकात पायऱ्या न देता केवळ उत्तरे छापली तर जे होईल, तेच हे.

आमच्या भागात आगरी लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणी अजूनही भेटतात. साथीला पेटी नाही, तबला नाही. गाताना पट्टी थोडी सरकते, दोघींचे आवाज कधी अलग होतात आणि पुन्हा मिळतात. त्या गाण्याला 'सुधारून' घेतले तर काय उरेल? रोह्याच्या त्या मुलीची आजी धवले म्हणते, हे आम्हाला नंतर कळले. आजीजवळ बसून ऐकत मोठी झालेली ही मुलगी आपला गळा मोबाईलशी ताडून पाहत होती आणि दर वेळी स्वतःला नापास करत होती.

वर्गात करून पाहा

ज्या शाळेत हार्मोनियमही नाही, तेथेही पुढचे तीन प्रयोग करता येतील.

पहिला. पारदर्शक कागदाच्या दोन पट्ट्यांवर एकच तरंगाकृती सात-आठ वेळा सलग काढा. आकृती थोडी वाकडीतिकडी असू द्या, पण प्रत्येक आवर्तन सारखे हवे. एक पट्टी दुसरीवर ठेवून सरकवा. दोन्ही रेघा किती सेंटिमीटरवर पुन्हा जुळतात ते मोजा. आता आवर्तने आखूड करून दुसरी जोडी काढा आणि पुन्हा मोजा. यंत्र सूर कसा ओळखते, हे सातवीच्या मुलालाही कळते.

दुसरा. एका मोबाईलवर तंबोरा लावा आणि षड्ज 'काळी पाच' ठेवा. दुसऱ्या मोबाईलवर वाद्ये जुळवण्यासाठी मिळणारे सूरमापक उघडा. सुरात गाणाऱ्या मुलाला तंबोऱ्याबरोबर शुद्ध गंधार लावायला सांगा आणि तो तंबोऱ्यात पूर्ण मिसळला असे वाटले की खूण करायला सांगा. मग तंबोरा बंद करून, तोच स्वर धरून ठेवत, मापक पाहा. मापकाच्या दृष्टीने हा स्वर 'पांढरी दोन' आहे. काटा बहुधा शून्याच्या खाली, दहा-पंधरा सेंटच्या आसपास रेंगाळेल. मुलांना विचारा, कोण चुकले? मूल की मापक?

तिसरा. कोणाही मुलाला एक स्वर पाच सेकंद धरायला सांगा आणि मापकाचा काटा पाहा. तो स्थिर राहत नाही. मग शिक्षकांनी स्वतः गाऊन पाहावे. त्यांचाही राहणार नाही. हा प्रयोग सर्वांत जास्त उपयोगाचा आहे, कारण त्यानंतर वर्गात गायला लाजणारी मुलेही पुढे येतात.

त्या मुलीचे पुढे

स्पर्धेनंतर महिनाभराने आम्ही रोह्याला गेलो. तिने पाठवलेले मुद्रण आमच्याजवळ होते. त्याच मोबाईलवर, ते बटण बंद करून, तेच गाणे पुन्हा मुद्रित केले आणि दोन्हींचे आलेख शेजारी ठेवले. पंचम खरोखरच उतरत होता. तिथे यंत्राने केलेली दुरुस्ती योग्य होती, ती तिलाही पटली. पण गंधाराच्या जागी उलटे झाले होते. तिचा स्वर तंबोऱ्याशी जुळत होता आणि यंत्राने तो वर ढकलला होता. ती बराच वेळ आलेखाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इथे माझं बरोबर होतं?"

इथे तिचे बरोबर होते. आणि हे तिला सांगायला कोणी नव्हते, कारण परीक्षक म्हणून बसलेल्या आम्हीही तो आवाज ऐकलाच नव्हता.

तिच्या पहिल्या प्रश्नाला आम्ही असे उत्तर दिले. टीव्हीवर असे करता येते. परदेशात एका मोठ्या स्पर्धेत ते केले गेले आणि लोकांनी विचारल्यावर थांबवले गेले. आपल्याकडेही विचारायला हवे. विचारण्याचा हक्क ज्यांचे कान तयार आहेत अशा ऐकणाऱ्यांचा आहे आणि तसे कान शाळेत तयार होऊ शकतात.

यंदाच्या स्पर्धेच्या पत्रकात आम्ही दोन ओळी घातल्या आहेत. मुद्रण करताना आवाज सुधारण्याची सोय बंद ठेवावी. ती कशी बंद करावी हे न कळल्यास शिक्षकांना विचारावे. आणि गाण्याआधी अर्धा मिनिट नुसता षड्ज लावावा. तो अर्धा मिनिट परीक्षकांसाठी आहे. गुण देण्याआधी समोरचा गळा कसा आहे, ते आम्हाला ऐकायचे आहे.